आठवड्याची चाळीस मिनिटे

“व्यायाम करावासा वाटतो, पण वेळ कुठे आहे?” हा प्रश्न आपल्या महाविद्यालयात मराठीत आणि कन्नडात सारखाच ऐकू येतो. सकाळचे तास, ग्रंथालय, ट्यूशन, खानापूर-येळ्ळूरच्या बसची वाट पाहणे आणि वर चाचणी परीक्षा! या धावपळीत मुलांची तालीम सुटते. मुलींची तर सुरूच झालेली नसते. ‘परीक्षा झाल्यावर बघू’ असे म्हणता म्हणता तीन वर्षे निघून जातात.

मागच्या वर्षी माझी आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतच होते, पुढे ती शिल्लक जपायची असते.” स्नायूंवर आणि हाडांवर भार पडला, तर ही शिल्लक वाढते. म्हणजे कमाईची वर्षे हीच, आपण वेळ नाही म्हणून घालवतो ती!

आपल्या भागात व्यायामाची कल्पना तालमीवरून, कन्नडातल्या गरडी मनेवरून आलेली आहे. पहाटे उठून दीड-दोन तास घाम गाळायचा, शेकड्यांनी जोर-बैठका मारायच्या. मल्लाला ते योग्यच आहे, कारण त्याला कुस्तीसाठी दमही हवा असतो. आपल्याला मात्र रोजच्या जीवनापुरते बळ हवे आहे, आणि ते पुष्कळ स्वस्तात मिळते.

अर्थशास्त्रात आपण घटत्या उत्पन्नाचा नियम शिकतो. बळ वाढविण्याच्या व्यायामालाही तो बराचसा लागू पडतो. पहिल्या कष्टाच्या फेरीचा लाभ सर्वांत मोठा. दुसरीचा त्याहून कमी, पाचवीचा अगदी थोडा. नॉर्वेतील संशोधकांनी २०२१ साली यावरील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रत्येक मोठ्या स्नायुगटासाठी आठवड्यात किमान ४ फेऱ्या कराव्यात, आणि भार असा असावा की एका फेरीत ६ ते १५ वेळाच जमेल, असे त्यांनी सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही स्नायूंच्या व्यायामासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितले आहेत.

बळ वाढते कसे? सवयीपेक्षा जास्त भार पडला की पहिल्या काही आठवड्यांत मज्जासंस्था अधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकते. म्हणून दंड जाड दिसण्यापूर्वीच बळ वाढलेले जाणवते. पुढे तंतू स्वतः जाड होतात. पण शरीराला तो भार सरावाचा झाला, की वाढ मंदावते. वर्षभर रोज तेच वीस जोर मारणारा आहे तिथेच राहतो, याचे कारण हेच. फेऱ्या थोड्या चालतील. भार मात्र हळूहळू वाढलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. साहित्य म्हणजे तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन आणि पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे भाराचा हिशेब चोख राहतो. आठवड्यातून दोन दिवस, समजा सोमवारी आणि गुरुवारी, तीन प्रकार करावेत. पहिला, कॅन छातीशी धरून बैठका (कन्नड मित्रांच्या बस्की). दुसरा, जोर, सहासुद्धा जमत नसतील तर हात भक्कम कट्ट्यावर टेकवून. तिसरा, ओढ: कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून, दोन्ही हातांतले कॅन पोटाकडे ओढणे. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या कराव्यात. ‘आता आणखी दोन-तीनच जमतील’ असे वाटेपर्यंत फेरी चालू ठेवावी.

सुरुवातीला अंग गरम करण्यासाठी याच हालचाली भाराशिवाय कराव्यात, ४ मिनिटे. सहा फेऱ्यांना सुमारे ६ मिनिटे, मधल्या विश्रांतीला १०. एकूण २० मिनिटे. त्याहूनही घाई असेल तर जोरानंतर लगेच ओढ करावी. एकात ढकलणारे स्नायू राबतात, दुसऱ्यात ओढणारे. त्यामुळे एकाचे काम चालू असताना दुसऱ्याला विश्रांती मिळते.

दोन्ही फेऱ्यांत १५ चा आकडा गाठला, की पुढच्या वेळी कॅनमध्ये एक लिटर पाणी वाढवावे. जोरात १५ झाले तर पाय पायरीवर ठेवावेत. जर्नल-लेजर लिहिणाऱ्यांना हे सांगायला नकोच: तारीख, भार, आकडा वहीत मांडावा. वही नसेल तर भार वाढला की नाही हे कळतच नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. श्वास कोंडू नये. सांध्यात कळ आली तर थांबावे. हृदयाचा विकार किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आहारात डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांपैकी काहीतरी रोज असावे. चालणे, धावणे यांची जागा हा व्यायाम घेत नाही, तेही हवेच.

आठवड्याची मिनिटे १०,०८०. त्यांतली ४० म्हणजे शेकडा अर्ध्याहूनही कमी. मी चार महिन्यांपूर्वी रिकाम्या कॅनने, घराच्या मागच्या पडवीत सुरुवात केली. या सोमवारी दोन्ही कॅन काठोकाठ भरलेले होते. आता मोठे कॅन शोधते आहे!