हलका संगणक आणि दिवसभराची वीज



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पंक्तीला लॅपटॉपची खरेदी बसवलेली पाहून कोणाला नवल वाटेल. परंतु १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ही प्रथा सुरू केली, तिचे मर्म उपयोगी ज्ञान लोकांना लोकांच्या भाषेत द्यावे हेच आहे, असे मी समजतो. बारावीचा निकाल लागला की आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा प्रश्न उभा राहणार आहे. मुलगी पुण्याला शिकायला निघालेली असते, घरातली एक मोठी रक्कम बाजूला काढलेली असते, आणि दुकानदार विचारतो, "कोणता दाखवू?" त्या क्षणी काय उत्तर द्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

हा प्रश्न रत्नागिरीकराला मुंबईकरापेक्षा थोडा निराळा पडतो. आपल्या जिल्ह्यात विजेच्या निर्मितीला तोटा नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरते ते चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात, आणि तेथून १९६२ पासून महाराष्ट्राला वीज जाते. जयगडचे औष्णिक केंद्र १२०० मेगावॅटचे आहे. तरीही आषाढात एखादी फांदी तारेवर पडली की त्याच जिल्ह्यातील वाडी रात्रभर अंधारात बसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा दापोली-मंडणगड भागात खांबच्या खांब उन्मळले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. शाळा-महाविद्यालये बंद होती, आणि पुढे त्याच महिन्यांत मुलांचे शिक्षण पडद्यावरून सुरू व्हायचे होते! पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा प्रदेशात लॅपटॉपची बॅटरी किती टिकते हा प्रश्न चैनीचा राहत नाही. परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरला जाईल की नाही, हे त्यावर ठरते.

मांडीवर घेता येईल असा संगणक ही कल्पना फार जुनी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, तो एका दालनात मावे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बॉर्न नावाचा 'उचलून नेण्याजोगा' संगणक विक्रीस आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि त्यात बॅटरी नव्हती. न्यावा तिथे वीज शोधावी लागे. खरा पालट झाला तो १९९१ नंतर, लिथियम-आयन बॅटरी बाजारात आल्यावर. कमी वजनात पुष्कळ वीज साठवण्याची ही युक्ती ज्यांनी सिद्ध केली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज एक किलोच्या आसपास वजनाचा आणि दिवसभर चालणारा लॅपटॉप मिळतो, याचे श्रेय मुख्यतः त्या बॅटरीला आणि कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. जाहिरातीत लिहिलेले असते, "१८ तास चालणारी बॅटरी." हा आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही, पण तो कोणाचा आकडा आहे हे विचारले पाहिजे. विहिरीवरच्या टाकीचे पाणी किती तास पुरेल, याचे उत्तर टाकी एकटी देत नाही. नळ किती सोडला आहे तेही पाहावे लागते. बॅटरीची टाकी वॅट-तासांत मोजतात आणि नळाची धार वॅटमध्ये. एकाला दुसऱ्याने भागले की तास मिळतात. सारे गणित एवढेच आहे, आणि ते चौथीच्या मुलाला येते.

उदाहरणार्थ, ५४ वॅट-तासांची बॅटरी घ्या. पडद्याचा उजेड बेताचा ठेवून नुसते लेखन-वाचन केले, तर चांगला हलका लॅपटॉप साधारण ६ वॅट घेतो. म्हणजे ९ तास. हाच लॅपटॉप दूरदृश्य वर्गासाठी वापरला, कॅमेरा, ध्वनी आणि इंटरनेट सर्व चालू, तर खर्च १२ वॅटवर जातो आणि साडेचार तासांत बॅटरी संपते. चित्रफितींचे संपादन किंवा जड खेळ २५ वॅट खाऊ लागले की दोन तासांत कारभार आटोपतो. आता जाहिरातीतले १८ तास उलटे मोजून पाहा. ५४ भागिले १८, म्हणजे ३ वॅट. एवढ्या थोडक्या विजेत पडदा मंद करून, लॅपटॉपमध्येच साठवलेला चित्रपट पाहत बसता येईल; महाविद्यालयाचे काम होणे कठीण. म्हणून दुकानात "किती तास?" असे विचारू नका. "बॅटरी किती वॅट-तासांची?" असे विचारा. हा आकडा खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. हलक्या लॅपटॉपमध्ये ५० ते ७५ वॅट-तास ही चांगली मर्यादा समजावी. ४० च्या आसपासची बॅटरी कितीही गोजिरी दिसली तरी पावसाळ्यात दगा देईल. विमानातून जाताना १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीवाचून हातातल्या सामानात नेता येते, तेव्हा वरच्या बाजूने काळजीचे कारण नाही.

टाकी पाहिली, आता नळ पाहू. साध्या कामात सर्वांत जास्त वीज बहुधा पडदा खातो. फार बारीक ठिपक्यांचा किंवा सेकंदाला १२० वेळा बदलणारा पडदा दुकानात देखणा दिसतो, पण त्याची किंमत बॅटरी मोजते. ओलेड जातीच्या पडद्यावर काळा भाग जवळजवळ फुकट पडतो आणि पांढरा महाग पडतो. आपले काम पांढऱ्या पानावर काळी अक्षरे उमटवण्याचे असेल, तर साधा आयपीएस पडदा, सुमारे १९२० बाय १२०० ठिपक्यांचा, अधिक हिशेबी ठरतो. पडवीत बसून लिहायचे असेल, तर त्याची तेजस्विता निदान ३०० निट्स असावी.

दुसरा खर्चिक भाग प्रोसेसरचा. विंडोज लॅपटॉपांत आज तीन घराणी आहेत: इंटेल, एएमडी आणि क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन. यांतले तिसरे मोबाइल फोनच्या जातीचे, आर्म रचनेचे. स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे लॅपटॉप जून २०२४ मध्ये आले आणि बॅटरी टिकवण्यात त्यांनी नाव मिळवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा २०० व्ही ही मालिका आणली आणि ते अंतर पुष्कळसे भरून काढले. मग कोणते घ्यावे? येथे एक धोक्याची सूचना देणे मला आवश्यक वाटते. आर्म रचनेवर इंटेलसाठी लिहिलेले बहुतेक कार्यक्रम विंडोज भाषांतर करून चालवते. परंतु छपाईयंत्र, स्कॅनर, डिजिटल सहीचे टोकन यांना लागणारे ड्रायव्हर अशा भाषांतराने चालत नाहीत, ते त्या रचनेसाठीच बनवलेले असावे लागतात. करसल्लागार, वकील, जुन्या मराठी टंकसंचावर काम करणारा मुद्रक यांनी आपले टोकन, आपले छपाईयंत्र जोडून पाहिल्याशिवाय असा लॅपटॉप घेऊ नये. केवळ लेखन, वाचन, इंटरनेट आणि वर्ग एवढेच काम असलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो उत्तम. त्यातही एक पथ्य आहे: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आधी महाविद्यालयात विचारावे, कारण तेथील काही कार्यक्रमांना ही रचना मानवत नाही.

वजनाबद्दलही असाच हिशेब हवा. चौदा इंची पडद्याचा लॅपटॉप १.२ ते १.४ किलोचा असला तर तो हलका म्हणावा. एक किलोच्या आतलेही मिळतात, पण त्या शेवटच्या दोनशे ग्रॅमसाठी बरेच पैसे पडतात. शिवाय खांद्यावर लॅपटॉप एकटा येत नाही. त्याच्याबरोबर चार्जर येतो, आणि स्वस्तातल्या भारी लॅपटॉपचा चार्जर कधी कधी अर्ध्या किलोवर जातो. डबा, पाण्याची बाटली, छत्री हे आहेच. आंबा घाटातून एसटीने कोल्हापूरला जाणाऱ्याला या प्रत्येक ग्रॅमची ओळख पटते. म्हणून तराजूवर लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही ठेवावेत. यूएसबी-सी जोडणीवर चार्ज होणारा लॅपटॉप घेतला तर मोबाइलचा आणि लॅपटॉपचा मिळून ६५ वॅटचा एकच छोटा चार्जर पुरतो. चार्जर हरवला तर गावातल्या दुकानात दुसरा मिळू शकतो, हा फायदा वेगळाच.

हलकेपणाची एक छुपी किंमत असते, तीही सांगतो. पातळ लॅपटॉपमध्ये स्मृती, म्हणजे रॅम, बहुधा पटलावर कायमची डाखलेली असते. आज ८ जीबी घेऊन दोन वर्षांनी वाढवू, हा बेत तेथे चालत नाही. म्हणून प्रारंभीच १६ जीबी घ्यावी. साठवणीला ५१२ जीबी पुरे. विंडोज ११ असलेलाच घ्यावा, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वापरलेला लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते की नाही हे पहिल्याने पाहावे. मराठी लेखनासाठी वेगळा खर्च नको. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही मराठी कळफलक विंडोजमध्येच आहेत.

बॅटरी म्हातारी होते, ही गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची साठवण कमी होऊ लागते. तीनचार वर्षांत ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली तर नवल मानू नये. आपल्या उदाहरणातले ५४ वॅट-तास मग ४३ होतात आणि साडेचार तासांचा वर्ग साडेतीन तासांवर येतो. म्हणून गरजेला जेमतेम पुरेल अशी बॅटरी घेऊ नये. आज निदान चौथा हिस्सा जास्त असावी.

हे म्हातारपण लवकर आणणाऱ्या गोष्टी दोन: उष्णता, आणि सदैव पूर्ण भरलेली स्थिती. मे महिन्यात बंद मोटारीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीला भाजणे होय. गादीवर ठेवून वापरला तर त्याचा श्वास कोंडतो. जो लॅपटॉप दिवसभर जोडणीलाच असतो, त्यात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय पुष्कळ कंपन्या देतात, ती चालू करावी. वादळाचा इशारा आला की मात्र ती काढून पूर्ण भरून घ्यावी. आपली बॅटरी किती उरली आहे हे विंडोज स्वतः सांगते. आज्ञांच्या खिडकीत रोमन अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असे लिहिले की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळची साठवण आणि आजची साठवण शेजारीशेजारी दिलेली असते. वापरलेला लॅपटॉप घेताना हा अहवाल पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

बॅटरी बदलण्याची वेळ आली तर ती कोठे मिळेल, हेही खरेदीच्या दिवशीच विचारावे. कंपनीचे सेवाकेंद्र रत्नागिरीत आहे, की लॅपटॉप कोल्हापूरला पाठवावा लागतो, की माणूस घरी येतो, याचे उत्तर लेखी घ्यावे. नवी बॅटरी भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण असलेलीच घ्यावी. खूण नसलेली स्वस्त बॅटरी फुगण्याचा आणि पेटण्याचा धोका असतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. लॅपटॉप दहा तास चालला, पण वीज जाताच इंटरनेटची पेटी विझली, तर त्या दहा तासांचा उपयोग काय? पेटीला इन्व्हर्टरची किंवा छोट्या बॅकअपची जोड द्यावी, नाहीतर मोबाइलवरून इंटरनेट घेण्याची तयारी ठेवावी.

तात्पर्य, दुकानात जाण्यापूर्वी घरी कागदावर आपला एक दिवस लिहून काढा. किती तास लिहायचे, किती तास वर्ग, किती तास प्रवास, आणि वीज गेली तर किती वेळ कळ काढायची. बागायतदाराला आंब्याच्या हंगामात चार तासांचा हिशेब आणि पाचपन्नास पत्रे लिहायची असतील, तर त्याला मध्यम किमतीचा साधा लॅपटॉप पुरेल. घरीच बसून काम करणाऱ्याने हलकेपणासाठी जास्त पैसे मोजणे व्यर्थ आहे. वसतिगृहात राहून दिवसभर वर्गावर्गांतून फिरणाऱ्या मुलीसाठी मात्र वजन आणि वॅट-तास यांवर केलेला खर्च सत्कारणी लागतो. मग दुकानदाराला पाच प्रश्न विचारा: बॅटरी किती वॅट-तासांची? चार्जरसह वजन किती? रॅम किती, आणि पुढे वाढेल का? माझे छपाईयंत्र आणि माझे टोकन यावर चालेल का? बॅटरी बदलायची झाल्यास कोठे आणि किती खर्चात? या पाचांची सरळ उत्तरे जेथे मिळतील तेथे खरेदी करा, आणि नावाला किंवा रंगाला भुलू नका.

दुकानदाराने "कोणता दाखवू?" असे विचारले की आपल्या दिवसाचा तो कागद त्याच्यापुढे ठेवावा. लॅपटॉप त्या कागदाला जुळला पाहिजे. कागद लॅपटॉपला जुळवून घेण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.