घनतेचा पाठ : काचेच्या एका पेल्यात

“जड वस्तू बुडते, हलकी तरंगते” हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. तथापि, लहानसा खिळा बुडतो आणि मांडवीतील शेकडो टनांची खनिजवाहू बार्ज तरंगते, याची संगती त्या वाक्याने लागत नाही. दोष काही अंशी आपल्या ‘जड’ या शब्दाचाही आहे. वजन आणि घनता हे दोन्ही अर्थ तो एकटाच वाहतो.

हा गोंधळ दूर करण्यास खर्चिक प्रयोगशाळा नको. उभट काचेच्या पेल्यात प्रथम मध, त्यावर कडेने हळुवारपणे रंगीत पाणी व शेवटी खोबरेल ओतावे. एक घनसेंटिमीटर मधाचे वस्तुमान सुमारे १.४ ग्रॅम, पाण्याचे १ ग्रॅम, तर खोबरेलाचे सुमारे ०.९२ ग्रॅम भरते. म्हणून तीन थर वेगळे राहतात. (रॉकेल वर्गात न आणणेच बरे.) खिळा तळ गाठतो, द्राक्ष पाणी ओलांडून मधावर विसावते, बूच तेलावरच राहते. कोणती वस्तू कोठे थांबेल, हे विद्यार्थ्यांकडून आधी वहीत लिहून घ्यावे. अन्यथा प्रयोगाची केवळ गंमत होते.

बार्जचे कोडे येथेच सुटते. पोलाद, माल आणि आतील पोकळी यांची एकत्रित सरासरी घनता पाण्याहून कमी असते.

बेळगावकडे थंडीत खोबरेल गोठते. तो गोळा पातळ खोबरेलात बुडतो. बर्फ मात्र पाण्यावर तरंगतो. गोठताना खोबरेल आकसते, पाणी प्रसरण पावते. वरच्या वर्गांना हा प्रश्न अवश्य विचारावा.