हुकूम हातात आला, पैसे नाही आले

गेल्या भागात पोटगीचा अर्ज कसा होतो ते पाहिलं. आता समजा, हुकूम झाला. पूर्णगडची एखादी बाई पावसमार्गे एसटीने रत्नागिरीच्या कोर्टात खेपा घालते आणि दोन मुलांसाठी महिना सहा हजारांचा हुकूम घेऊन घरी येते. एक महिना जातो, दुसरा जातो, मुंबईतल्या नवऱ्याकडून दमडी येत नाही. कोर्ट बघेल म्हणून ती वाट पाहत राहते आणि इथेच घात होतो. कोर्ट आपणहून वसुलीला निघत नाही. थकबाकीसाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, तोही रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. अर्ज मुदतीत गेला की पुढचे थकलेले महिने त्यातच जोडता येतात, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये स्पष्ट केलं.

पोटगीचं पूर्वीचं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्याखाली पोटगी दंडासारखी वसूल होते. मोटारसायकल जप्त होऊ शकते. कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांकडेही वॉरंट धाडू शकतं. मग ही थकबाकी शेतसाऱ्याच्या बाकीसारखी वसूल होते. आंब्याची कलमं असलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव असेल, तर तो उतारा अर्जासोबत जोडाच. नवरा गावात असेल तर वॉरंट पूर्णगडच्या सागरी पोलीस ठाण्यामार्फत बजावलं जाऊ शकतं. तो मुंबईत असेल तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही वसुली मागता येते. त्यासाठी हुकुमाची नक्कल बाईला फुकट मिळायला हवी. तसं कायद्यातच लिहिलेलं आहे, म्हणून ती हक्काने मागा.

वॉरंट बजावूनही पैसे थकले, तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘तो आत बसून आला, आता देणं फिटलं,’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. कैद हे पैसे काढण्याचं साधन आहे. तुरुंगात गेल्याने देणं फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने कुलदीप कौर खटल्यात सांगितलं आहे.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने एका आईला आणि तिच्या मुलाला ऑगस्ट २०१५ मध्ये अंतरिम पोटगी दिली. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघेपर्यंत नोव्हेंबर २०२० उजाडला. पाच वर्षांत मूल केवढं वाढतं! रजनेश विरुद्ध नेहा हाच तो निकाल. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोन्ही पक्षांनी मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगावीत आणि पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखाही वसूल करता यावा, असं त्यात ठरलं. दिवाणी वसुलीत पगारावर जप्ती येते. एरवीच्या कर्जात पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश कर्जदाराला राखून ठेवतात. पोटगीसाठी मात्र त्याच्याकडे फक्त एक तृतीयांश राहतो.

वकिलाच्या फीची धास्ती नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना एक वही मात्र न्या: कोणत्या महिन्याचे किती यायचे होते, किती आले, कोणत्या तारखेला.

नवरा आखातात असेल तर काय करायचं, ते पुढच्या भागात.