दूरसंदेशवहन सामग्री उद्योग : विलीनीकरण व भागीदारी

दूरध्वनी केंद्रे, भ्रमणध्वनीचे मनोरे व त्यांना जोडणारे प्रकाशीय तंतुमार्ग यांवर बसविण्यात येणारी सामग्री तयार करणारा उद्योग. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या उद्योगातील स्वतंत्र उत्पादकांची संख्या झपाट्याने घटली. अल्काटेल व ल्यूसेंट या कंपन्या २००६ मध्ये एकत्र आल्या; नोकिया व सीमेन्स यांनी आपले या क्षेत्रातील व्यवसाय २००७ मध्ये एकत्र केले. कॅनडातील नॉर्टेल २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१६ मध्ये अल्काटेल-ल्यूसेंटही नोकियाच्या ताब्यात आली. तंत्रविद्येच्या प्रत्येक नव्या पिढीसाठी लागणारा संशोधनखर्च आणि चिनी उत्पादकांची किंमतस्पर्धा ही यामागील प्रमुख कारणे होत.

विक्रेते कमी झाल्याचा भार ग्राहकावर पडतो. मनोऱ्यावरील रेडिओ संच व त्याचे नियंत्रण करणारा संच हे सामान्यतः एकाच उत्पादकाचे असावे लागतात, त्यामुळे पुढील विस्तारही त्याच्याकडूनच करून घ्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत विरळ वस्तीमुळे मनोरा उभारणे खासगी कंपन्यांना फारसे किफायतशीर ठरत नाही. अशा भागांची मुख्य भिस्त सरकारी भारत संचार निगमवर असल्याने निगमला सामग्री कोण पुरवितो, हा प्रश्न केवळ व्यापारी राहत नाही.

निगमची चौथ्या पिढीच्या सामग्रीची निविदा २०२० मध्ये रद्द झाली व पुढे देशी सामग्रीचा आग्रह धरण्यात आला. मुंबईच्या टाटा सन्सने २०२१ मध्ये आपल्या उपकंपनीमार्फत बंगळूरच्या तेजस नेटवर्क्सचे नियंत्रण मिळविण्याचा करार केला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या नेतृत्वाखालील भागीदारीत तेजसने रेडिओ सामग्री, तर १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन केंद्राने मध्यवर्ती यंत्रणा पुरविली. भागीदारीला २०२३ मध्ये १५,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी मिळाली. काम अपेक्षेपेक्षा लांबले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी या जाळ्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले.

संपूर्ण सामग्री देशात जुळविता येते, हे यातून सिद्ध झाले. अर्धसंवाहक घटक मात्र मुख्यतः आयातच करावे लागतात. शिवाय, विक्रेत्यावरील परावलंबन घटले तरी उत्पादकाचे एकाच ग्राहकावरील परावलंबन वाढले. तेजसचे वार्षिक उत्पन्न २०२३-२४ मधील सु. २,४७१ कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये सु. ८,९२३ कोटी रुपयांवर गेले. निगमच्या मागणीचा मोठा भाग पुरा झाल्यावर एप्रिल–जून २०२५ या तिमाहीचे उत्पन्न सु. २०२ कोटी रुपयांपर्यंत उतरले.