खोला, जोडा, सुरू करा!

मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. खारं वारं लोखंड खातं! सायकलची चेन घ्या, खिडकीचे गज घ्या, सगळ्यांवर तांबूस गंज चढतो. मग लॅपटॉपला ते सोडील का? खारट ओल आत शिरते, जोडण्यांवर बसते आणि एके दिवशी यंत्र मुकाट होतं. तेव्हा वाटतं, हे आपल्याला उघडता आलं असतं तर?

अहो, येतं की! काही कंपन्या लॅपटॉपचा नुसता सांगाडा विकतात. त्याला म्हणतात 'बेअरबोन किट'. त्यात पेटी, पडदा आणि प्रोसेसर बसवलेला मदरबोर्ड असतो. रॅम आणि माहिती साठवणारा एसएसडी आपण बसवायचा. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये असाच लॅपटॉप काढला. सोबत चक्क स्क्रू-ड्रायव्हर दिला!

टेबलावरच्या संगणकाचे भाग ठरलेल्या मापाचे असतात, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला चालतो. लॅपटॉपचं तसं नाही. प्रत्येकाचा मदरबोर्ड वेगळ्या आकाराचा. म्हणूनच सांगाडा तयार घ्यावा लागतो.

जोडणी कशी? आधी चार्जर काढा, बॅटरीची जोडणी सोडवा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या पट्टीला एक खाच असते. ती खाच जुळवून पट्टी तिरपी सरकवा, मग खाली दाबा. 'टक्' आवाज आला की बसली! एसएसडीही तसाच तिरपा घालून एका स्क्रूने आवळायचा. जोर मात्र लावू नका. बसत नसेल तर दिशा चुकली समजा.

हा पसारा पाहून आजी विचारीलच, "रे, खोललंस खरां, पण परत जोडूक येता मा?"

आणि बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर? घाबरू नका. नवी रॅम ओळखायला पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात. मग लिनक्ससारखी मोफत प्रणाली घाला.

किट स्वस्तच पडतं असं नाही. पण पुढे एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. अख्खं यंत्र कचऱ्यात जात नाही.

भाग जोडून मोठं काम होतं, हे आपल्या पुण्यानेच दाखवलंय. ताकदवान महासंगणक परदेशातून सहज मिळेनात, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने अनेक ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडल्या आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला!

तुम्ही सुरुवात कशी कराल? घरातला बंद पडलेला जुना लॅपटॉप घ्या आणि मोठ्यांना सोबत बसवा. बॅटरी फुगलेली असेल तर हातही लावू नका. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर चिकटवून जागा लिहून ठेवा. सगळे स्क्रू परत बसले, एकही उरला नाही, की आजीला उत्तर मिळालं!