तीन ग्लास आणि साखरेचा डबा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. न्यू जर्सीहून वन्सं आल्या होत्या. भर दुपारी सगळे उन्हातून घरी आलो आणि टेबलावर तीन थंडगार ग्लास भरले गेले. चिरंजीवांचा नेहमीचा कोला, आमच्या ह्यांचा ‘डाएट’ आणि सासूबाईंचं कोकम सरबत. वन्संनी भाच्याच्या ग्लासातला घोट घेतला आणि म्हणाल्या, “ही खरी चव! आमच्याकडे सगळं कॉर्न सिरप, नुसतं विष. इथे निदान उसाची साखर तरी असते. पिऊ दे गं त्याला.”

“त्यापेक्षा माझं पी,” हे लेकाला म्हणाले. “शून्य कॅलरी.”

“नको रे बाबा, ते रसायन,” सासूबाई मधेच म्हणाल्या. “कॅन्सर होतो म्हणे त्यानं.”

मी गप्पच राहिले. कारण माझ्या पर्समध्ये चिरंजीवांचा रिपोर्ट होता. वय वर्षं सोळा आणि उपाशीपोटी रक्तातली साखर १०८. ती शंभरच्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभं राहणं. आमच्या घरात या उंबरठ्याची भीती आहे. सासऱ्यांच्या पायाचा अंगठा मधुमेहानं गेला, तो मी या हातांनी ड्रेसिंग केलेला आहे. डॉक्टरांनी एकच साधा प्रश्न विचारला होता, “दिवसाला थंड पेय किती पितो?” आणि मला, त्याच्या आईला, उत्तर माहीत नव्हतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्यापाशी साखरेचा डबा घेऊन बसले. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, १०० मिलिलिटरमागे साखर १०.६ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण चार ग्रॅम. अडीचशे मिलिलिटरच्या छोट्या बाटलीचे झाले साडेसहा चमचे. चिरंजीव क्लासहून येताना पाऊण लिटरची आणतात, तिचे मोजताना मी मधेच थांबले. वीस चमचे! वाटी भरून ओसंडायला आली. एवढी साखर मी शिऱ्यातही घातली नसती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की, वरून घातलेली साखर रोजच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, सहाच चमचे. छोट्या बाटलीतच ते संपतात.

मग वन्संच्या कॉर्न सिरपचं काय? मक्याच्या स्टार्चवर विकरांची, म्हणजे एन्झाइम्सची, प्रक्रिया करून आधी ग्लुकोज करतात आणि मग त्यातल्या काहीचं फ्रुक्टोज. शीतपेयांतल्या सिरपमध्ये फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के आणि ग्लुकोज ४२ टक्के असतं. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या साखरेवर कोटा, त्यामुळे साखर महाग आणि घरचा मका स्वस्त. म्हणून १९८४ साली तिथल्या दोन्ही मोठ्या कोला कंपन्यांनी साखर सोडून पूर्णपणे सिरप धरलं. बदल झाला तो हिशेबापायी. मेक्सिकोहून येणारी साखरेची काचेची बाटली मात्र तिथले शौकीन अजून शोधून पितात.

पण आपली उसाची साखर तरी काय आहे? ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी, निम्मं-निम्मं. गंमत म्हणजे कोला मुळात आंबट असतो. बाटली दुकानात आठवडे-महिने पडून राहिली की त्या आंबटपणानं साखरेची जोडी आपोआप फुटते. म्हणजे फोडेपर्यंत आपल्या बाटलीतही बरंचसं तेच झालेलं असतं. ५५ आणि ५० यांतला फरक पोटाला फारसा कळत नाही. दोन्हींतल्या फ्रुक्टोजचा भार मुख्यतः यकृतावर पडतो आणि जास्तीचं झालं की त्याची चरबी होते. वर पातळ साखरेनं पोट भरल्यासारखंही वाटत नाही. पाऊण लिटर कोल्यातून सव्वातीनशे कॅलरी, म्हणजे जवळजवळ तीन पोळ्यांएवढ्या, पोटात जातात आणि मुलगा तासाभरात पुन्हा म्हणतो, “आई, खायला काय आहे?”

राहिला ह्यांचा ‘डाएट’. या गोड पदार्थांच्या जन्मकथा मोठ्या मजेच्या आहेत. सॅकरीन १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत सापडलं. अ‍ॅस्पार्टेम १९६५ साली, अल्सरवरचं औषध शोधताना. सुक्रालोजच्या कथेत तर आपलंसं वाटणारं आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे तरुण संशोधक काम करत होते. पदार्थ ‘टेस्ट’ कर, म्हणजे तपास, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी ऐकलं ‘टेस्ट’, म्हणजे चव घे! आणि चाखलं ते निघालं साखरेच्या सहाशे पट गोड. अ‍ॅस्पार्टेम दोनशे पट गोड असतं, म्हणून चिमूटभरानं काम भागतं आणि कॅलरी जवळपास शून्य.

सासूबाईंची भीती अगदीच हवेतली नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं अ‍ॅस्पार्टेमला ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ अशा गटात टाकलं. पण पुरावा मर्यादित आहे, हेही तिनंच सांगितलं. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन लागतील. ‘फिनाइलकीटोन्युरिया’ हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम टाळायलाच हवं.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो त्याच वर्षीचा दुसरा सल्ला. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पर्याय वापरू नका, दूरच्या काळात त्यांचा फायदा दिसत नाही, असं संघटनेनं सांगितलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि कॅनवर लहान मुलांसाठी शिफारस नाही, असं बारीक अक्षरात असतंच. शिवाय ‘डाएट’ही आंबटच, तेव्हा दातांची झीज चुकत नाही. गोडाची सवय तर तशीच राहते.

मैत्रिणींनो, बाटली उचलताना ती उलटी करून वाचा. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज. आणि साखरेच्या आकड्याला चारानं भागलं की चमचे कळतात. मात्र १०० मिलीचा आकडा आहे की अख्ख्या बाटलीचा, ते बघा.

सकाळी ती भरलेली वाटी मी टेबलावर ठेवली. बाटली शेजारी. भाषण दिलं नाही. चिरंजीव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आणि आजीच्या सरबतात किती?” प्रश्न रास्त होता! मोजलं, तर ग्लासाला पाच चमचे निघाले. सासूबाई आधी रागावल्या, मग स्वतःच म्हणाल्या, “दोनच घालू या. मीठ-जिऱ्यानं चव येते.” आता घरात ताक असतं, लिंबूपाणी असतं आणि कोला फक्त वाढदिवसाला, तोही ग्लासभर. हे अजून ‘डाएट’ सोडत नाहीत, पण रोजचा एक आठवड्यावर आलाय.

तीन महिन्यांनी साखर ९८ आली. केवळ कोला सुटल्यामुळे, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळचं बॅडमिंटनही सुरू झालंय. आणि ९८ म्हणजे काठावरच, हे मला कळतं. पण आता डॉक्टरांनी प्रश्न विचारला की उत्तर लेकच देतो.

परवा वन्संचा फोन आला. “अगं, आमच्या कॅनवर बघितलं. ३९ ग्रॅम! जवळजवळ दहा चमचे.”

“सिरपचे ना?” मी विचारलं.

“हो गं,” त्या म्हणाल्या, “पण चमचे ते चमचेच.”