वासराचा सुजलेला सांधा : द्रवतपासणी केव्हा आणि कशी?

पंधरा दिवसांचे वासरू लंगडू लागले, गुडघा सुजला, की मुका मार समजून लेप लावला जातो. मूळ मात्र पुष्कळदा बेंबीत असते. ओल्या नाळेतून शिरलेले जिवाणू रक्तावाटे सांध्यात पोहोचतात. पावसाळ्यात बेंबीवर माश्या बसून अळ्या पडल्या, तर त्यांना वाट अधिकच मोकळी होते. मार आणि संसर्ग यांतील भेद सांध्यातील द्रवावरून कळतो.

निरोगी सांध्यातील द्रव फिकट पिवळा, पारदर्शक असतो आणि त्याची तार सुटते. हा चिकटपणा हायल्युरॉनिक आम्लामुळे येतो. संसर्गात ते विघटित होऊन द्रव पातळ व गढूळ होतो. निरोगी द्रवात दर मायक्रोलिटरला साधारणतः १,००० पेक्षा कमी पेशी आढळतात. त्या २५,००० च्या वर गेल्या, त्यांत ८० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल असले आणि प्रथिने डेसिलिटरला ४.५ ग्रॅमच्या पुढे गेली, तर जिवाणूसंसर्गाची शक्यता प्रबळ ठरते.

जिवाणू-संवर्धनाचा अहवाल नकारात्मक आला म्हणून संसर्ग नाही, असे मात्र मानू नये. मायकोप्लाझ्मा नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही. त्याहून नेहमीची अडचण म्हणजे आधीच टोचलेले प्रतिजैविक. म्हणून नमुना पहिल्या इंजेक्शनपूर्वीच घ्यावा, आणि तोही पशुवैद्यकानेच. अशुद्ध सुई निरोगी सांध्यातही जंतू नेते. पेशीमोजणीसाठी ईडीटीए नळी, संवर्धनासाठी निर्जंतुक साधी नळी वापरावी. इंजेक्शन दिले गेलेच असेल, तर औषधाचे नाव व वेळ नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहावी.